सासरे ‘मोठ्याचं’ खात नाहीत आणि मला स्टेक करायचाय

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलंय:

“ताई, डिसेंबरात बायकोचा तिसावा वाढदिवस आहे, शनिवारी. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही वांद्र्याच्या एका हॉटेलात स्टेक खाल्ला होता. तो तिला घरी करून खिलवावा असं तेव्हापासून मनात आहे, आणि ताटलीही अगदी हॉटेलसारखी सजवायची आहे. तिला यातलं काही माहीत नाही. त्या रात्री सासू-सासरेही जेवायला असतील. ते मटण, मासे आवडीने खातात, पण ‘मोठ्याचं’, म्हणजे गाय-म्हशीचं मांस, खात नाहीत. मित्र म्हणतो, सांगूच नकोस, कळणारही नाही. घरी ओव्हन नाही, बिडाचा तवा आहे. मध्यंतरी व्हिडिओ बघून एकदा करून पाहिलं तर मांस वातड झालं आणि घरभर धूर. काय करू?”

मित्राचं ऐकू नका. हे आधी मिटवू, मग तव्याकडे वळू. कोण काय खातं आणि काय खात नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. न सांगता वाढलं आणि पुढे कधीतरी कुणाच्या तोंडून ते निघून गेलं, तर सासरे तुमच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पितील. आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटणार नाही. आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाने निर्धास्तपणे घास घ्यावा, एवढं तरी आपण त्याला देणं लागतो.

यासाठी स्टेकचा बेत मोडायला नको. तुम्हा दोघांना अंडरकट, म्हणजे मोठ्याचा कमरेपाशचा मऊ भाग, करा, त्या दोघांना रावसाची जाड तुकडी. सोबतचं सगळं एकच ठेवा, म्हणजे चारही ताटल्या एकाच बेताच्या दिसतील आणि कुणाला आपल्यासाठी काही वेगळं, कमी दर्जाचं केलंय असं वाटणार नाही. सासऱ्यांना फोन मात्र तुम्ही स्वतः करा. “बाबा, शनिवारचं जेवण मी करतोय. आम्हा दोघांना मोठ्याचं आहे, तुम्हाला आणि आईंना रावस. तवा, चिमटा, सुरी सगळं वेगळं ठेवणार आहे. एका टेबलावर चालेल ना?” एवढंच विचारा. ‘चालेल’ म्हणाले तर उत्तम. आवाज जरा जरी अडखळला तर आग्रह करू नका, चौघांनाही रावस करा आणि स्टेक दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघांपुरता. त्याच फोनवर वारही विचारून घ्या. शनिवार पाळणारी माणसं पुष्कळ असतात, आणि डिसेंबरात मार्गशीर्ष लागलेला असेल तर काही घरांत महिनाभर सामिष शिजत नाही.

आता मांस वातड का झालं ते. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत बहुधा परदेशातला रिबआय, म्हणजे बरगड्यांजवळचा काप, होता, गोवंशाचा, आतून चरबीच्या रेषा असलेला. तसलं मांस इथे मिळणार नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्यानेच बंदी होती. 2015 साली दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत. परदेशातून गोमांस आयात करायलाही मनाई आहे. तेव्हा वांद्र्याला तुम्ही जे खाल्लंत ते बहुधा म्हशीचं किंवा रेड्याचं, आणि हॉटेलवाल्यांनी ते चांगलं केलं होतं याचा अर्थ ते चांगलं करता येतं.

पण ते वेगळं वागतं. या मांसात चरबी फार कमी. चरबीवाला तुकडा थोडा जास्त शिजला तरी तोंडात ओला लागतो, आपल्या तुकड्याला ती सवलत नाही. आतलं तापमान 65 अंशांच्या वर चढत गेलं की तंतू आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि उरतं ते वातड. शिवाय याचा रंग मुळातच गडद असतो. त्यामुळे ‘आत अजून लाल दिसतंय’ म्हणून माणूस आणखी दोन मिनिटं ठेवतो आणि तिथेच सगळं हातचं जातं. व्हिडिओतली मिनिटं विसरा. हजार रुपयांच्या आत सुई असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. या सगळ्या खर्चात कुठे एके ठिकाणी पैसे टाकायचे तर ते इथे.

खाटकाकडे गेल्यावर नुसतं ‘बोनलेस द्या’ म्हणालात तर बहुतेक वेळा रानाचं, म्हणजे मांडीचं, हाती पडतं. ते रश्श्यात तासभर शिजवलं की सुरेख होतं, तव्यावर आठ मिनिटांत कधीच होणार नाही. ‘अंडरकट’ हा शब्द वापरा. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूने, कमरेपाशी असलेला हा लांबट स्नायू. जनावर चालताना तो फारसा राबत नाही, म्हणून मऊ राहतो. वांद्रे, माहीम, कुर्ला, भायखळा या भागांत मोठ्याच्या दुकानांतून तो मिळतो. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत तो संपलेला असतो. सुरी लागायच्या आधीच सांगा, कारण हात सवयीने रश्श्याचे तुकडे करायला लागतो: मधला भाग हवा, वरचा पांढरा पडदा काढून, आडव्या कापाचे दीड इंच जाडीचे तुकडे, प्रत्येकी 180 ते 200 ग्रॅम. निमुळतं टोक घेऊ नका, ते मधल्या भागाबरोबर सारखं शिजत नाही. घरी आणेपर्यंत बर्फाच्या पिशवीत ठेवा.

रावस घेताना मासेवाल्या मावशींना सांगा, मधला भाग, खवले काढून पण कातडी ठेवून, काटा काढून जाड फिले. पातळ तुकड्या तळायला ठीक, आपल्याला इथे जाडी हवी.

मांस शुक्रवारी रात्री मीठ लावून ठेवायचं. 200 ग्रॅमच्या तुकड्याला पाव ते एक तृतीयांश चमचा बारीक मीठ, सगळ्या बाजूंनी. मग स्टीलच्या जाळीवर, खाली ताटली, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, न झाकता. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, वर थेंब दिसतात. ते बघून घाबरू नका. तासाभरात तेच खारं पाणी परत आत मुरायला लागतं, आणि सकाळपर्यंत वरचा भाग हाताला कोरडा, किंचित चिकट लागतो. हा कोरडेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. स्टेकवर जो खमंग तपकिरी थर येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे झपाट्याने तयार होतो, आणि तुकडा ओला असेल तर तव्याची सगळी आच आधी ते पाणी उडवण्यात जाते, म्हणजे पृष्ठभाग 100 च्या आसपासच अडकतो. मग मांस भाजलं जात नाही, वाफेवर शिजतं आणि करड्या रंगाचं दिसतं. तव्यावर ठेवायच्या आधी पुन्हा एकदा टिश्यूने टिपून घ्या. मिरी आधी लावू नका, जळून कडू होते.

एक समजूत फार पसरलेली आहे, की मोठ्या आचेवर भाजल्याने रस आत कोंडला जातो. तसं होत नाही. तो थर पाणी अडवत नाही. तो चवीसाठी असतो, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. रस टिकतो तो वेळेवर उतरवल्याने.

तुमचा बिडाचा तवा या कामाला फार चांगला. जड असल्यामुळे थंड मांस पडलं तरी त्याची आच ढळत नाही. नॉनस्टिक इथे चालणार नाही, इतक्या उष्णतेला त्याचा लेप खराब होतो. बिडाचा तवा मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळायला हवा. मग चमचाभर साजूक तूप. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो आणि धूर धरतो, तुपात तो काढलेलाच असतो, म्हणून तूप खूप जास्त आच सोसतं. तुमच्या घरभर झालेल्या धुराचं एक कारण सुरुवातीलाच घातलेलं बटर असावं. थोडा धूर तरीही होईलच. चिमणी किंवा एक्झॉस्ट आधीपासून लावा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, बेडरूमचं दार बंद.

तुकडे ठेवले की दोन मिनिटं हात लावू नका. चिकटलेत असं वाटेल, पण थर धरला की ते आपोआप सुटतात. उलटून पुन्हा दोन मिनिटं. त्यानंतर दर मिनिटाला उलटत राहा, त्याने आत आच सारखी पोहोचते. चिमट्याने उभे धरून कडाही फिरवून घ्या. आतलं तापमान 50 च्या आसपास आलं की गॅस बारीक करा, तीस ग्रॅम बटर, चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या सालासकट आणि एक तमालपत्र टाका. रोझमेरी मिळाली तर तिची काडी. बटर फेसाळलं की तवा किंचित तिरका करून ते चमच्याने मांसावर ओतत राहा. लसणाचा वास बदलतो तिकडे लक्ष द्या: कच्चा उग्र वास जाऊन भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचा वास यायला लागतो, आणि फेस पिवळ्याचा बदामी होतो. त्या पुढे गेलात तर कडवट.

सुई बाजूने, तुकड्याच्या मध्यापर्यंत घाला. 60 अंशांना उतरवा. उतरवल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं, म्हणजे 63 च्या पुढे जातं. अखंड तुकड्यासाठी सुरक्षित मानलं जातं ते साधारण तेवढंच, तेही वर तीन मिनिटं मुरू देऊन. आत गुलाबी असतं, रसाळ असतं. परदेशात याहून कच्चं खातात हे खरं. पण आपल्याकडे मांस बर्फाविना किती वेळ राहिलं हे आपल्याला नेमकं कळत नाही, म्हणून घरी मी याखाली जाऊ देणार नाही. आणि कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी पूर्ण शिजवलेलंच.

मग तुकडे जाळीवर काढून आठ मिनिटं तसेच सोडा. लगेच कापलं तर सगळा रस ताटलीत. ही आठ मिनिटं तुमच्या रावसाची आहेत, आणि म्हणून दोन प्रकार एकट्या माणसाला जमतात. शेजारच्या शेगडीवर दुसरा तवा, इथे नॉनस्टिक खुशाल, आच मध्यम. मांसाचे तुकडे जाळीवर काढले की हात धुवा आणि माशाचा चिमटा, सुरी, पाट वेगळ्याच घ्या. त्यांना शब्द दिलाय. रावसाला फक्त मीठ, तेही दहा मिनिटं आधी, आणि कातडी टिपून अगदी कोरडी. हळद, मसाला काही नको. कातडीची बाजू खाली ठेवा, उलथन्याने पहिली दहा-पंधरा सेकंदं हलकं दाबून धरा, नाहीतर तुकडी धनुष्यासारखी वळते. चार मिनिटं तशीच. बाजूने पाहिलं तर काचेसारखा दिसणारा मासा खालून वर पांढरा होत येताना दिसतो. तो पांढरेपणा तीन चतुर्थांश चढला की उलटा, आणखी दीड-दोन मिनिटं, झालं.

सॉसचं म्हणाल तर मांसाच्या तव्यात केलेला सॉस इथे बाद, कारण तो सासऱ्यांच्या ताटलीत जाऊ शकत नाही. त्याऐवजी दोन्हींना शोभणारा, न शिजवलेला हिरवा सॉस करा. अर्जेंटिनात भाजलेल्या मांसाबरोबर चिमिचुरी खातात, त्या वळणाचा, पण कोथिंबिरीचा. वाटीभर कोथिंबीर, लसणाच्या दोन पाकळ्या, बिया काढलेली एक हिरवी मिरची, मीठ, पाच-सहा मोठे चमचे तेल. सगळं सुरीने बारीक चिरायचं, मिक्सरला अजिबात लावायचं नाही. मिक्सरमध्ये ती चटणी होते, पाणी सोडते आणि ताटलीत पसरते. चिरलेली कोथिंबीर तेलात सुटी राहते, चकाकते. लिंबू वाढायच्या जरा आधी पिळा, कारण आंबटाने हिरवा रंग तासाभरात काळपट पडतो.

खाली मॅश केलेला बटाटा. चौघांना 700 ग्रॅम जुने बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल तर सासूबाईंकडून मागवून घ्या, त्यांना आनंदच होईल. मिक्सर किंवा ब्लेंडर लावलात तर स्टार्च मोकळा होऊन खळीसारखा चिकट गोळा होतो, मग काहीही करता येत नाही. 80 ग्रॅम बटर आधी, मग लागेल तसं गरम दूध, मीठ. झाकून गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलात तर तासभर छान राहतो. सोबत फरसबी: खारट उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि वाढायच्या आधी बटरवर नुसती परतून. बास. तिसरी भाजी वाढवू नका.

आता सजावट. यात तुम्हाला जास्त उत्सुकता आहे हे पत्रावरून दिसतं, पण इथे करण्यापेक्षा न करण्याचंच जास्त आहे. पांढऱ्या, सपाट, मोठ्या ताटल्या घ्या, दहा-अकरा इंची. वाढायच्या आधी गरम पाण्यात बुडवून कोरड्या पुसा. गार ताटलीवर बटाटा दोन मिनिटांत गोठल्यासारखा होतो. दोन मोठे चमचे बटाटा मध्याच्या जरा डावीकडे ठेवा आणि चमच्याची पाठ दाबत एका ओढीने उजवीकडे न्या. एकदाच. दुरुस्त करत बसलात तर ते सारवल्यासारखं दिसतं. फरसबीच्या शेंगा एका दिशेने, त्या ओढीला टेकवून. मांसाचे जाड कापून तीन काप करा, कापलेली गुलाबी बाजू क्षणभर टिश्यूवर टेकवून मग बटाट्यावर तिरके रेलून ठेवा. न टिपता ठेवलंत तर पांढऱ्या बटाट्यात लालसर ओघळ उतरतात, आणि पहिल्यांदा असलं ताट पाहणाऱ्या माणसाला ते बघवत नाही. रावस अखंड ठेवा, कातडी वर. हिरवा सॉस बाजूला, चमचाभर, मांसावर किंवा कातडीवर ओतायचा नाही. मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत मऊ पडेल. शेवटी भरड कुटलेली मिरी, खडे मीठ किंचित चुरून, आणि ओल्या फडक्याने ताटलीची कड पुसून घ्या. टोमॅटोचं फूल, काकडीच्या चकत्या, कोबीचं पान काही नको. जे खायचं नाही ते ताटलीत नको. आणि सिझलरची तापलेली ताटली घरात असेल तर ती आज माळ्यावरच राहू द्या. तिच्यावर मांस टेबलापर्यंत शिजतच राहतं, तुमचे 63 अंश सत्तरच्या पुढे जातील.

वेळेचं गणित असं धरा. साडेआठला जेवायला बसायचं असेल तर साडेसातपर्यंत बटाटा तयार, फरसबी बर्फातून काढलेली, सॉस लिंबू सोडून झालेला. आठला मांस फ्रिजबाहेर. आठ वाजून पाच मिनिटांनी तवा गॅसवर, दहाला मांस तव्यावर, वीसला जाळीवर आणि रावस तव्यात. रावस उतरला की त्याच शेगडीवर फरसबी बटरवर परता. त्या वीस मिनिटांत तुम्ही कुणाशी बोलायला जाणार नाही हे बायकोला आधी सांगून ठेवा. “आत येऊ नकोस” एवढं सांगितलंत तरी अर्धं तिला कळेल, त्याला इलाज नाही.

शनिवारच्या आधीच्या आठवड्यात अंडरकटचा एकच तुकडा आणून एकट्याने करून बघा, ती माहेरी किंवा ऑफिसात असताना. तुमचा गॅस, तुमचा तवा, तुमचा थर्मामीटर यांचा अंदाज त्यातूनच येईल, मी इथून सांगून येणार नाही. बिडाचा तवा त्या रात्रीच गरम पाण्याने घासून गॅसवर खडखडीत कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत त्याला गंज चढलेला असेल.